टेम्पो पोचला, मासे मेले

मंडळी, या वीकांताला कोड, ऑफिस, बॉस वगैरे सगळं बाजूला. आज भांडायचंय. कोणाशी? तर "शिफ्टिंगच तर करायचंय, एक टेम्पो सांग" असं म्हणणाऱ्या तमाम जनतेशी. वर्षभरापूर्वीपर्यंत मी स्वतःच त्या जनतेत पहिल्या रांगेत बसलेलो होतो, त्यामुळे थोडंसं स्वतःशीही.

तर झालं असं. ठाण्यात घोडबंदर रोडवर भाड्याच्या फ्लॅटमध्ये माझी खाऱ्या पाण्याची फिशटँक होती. २०० लिटरची. दोन क्लाऊनफिश, तीन डॅमसेल, दोन क्लीनर कोळंब्या आणि एक निळा टँग, म्हणजे 'निमो'च्या सिनेमातली डोरी. (एवढ्याशा पेटीत डोरी ठेवणंच चूक, तिला याच्या दुप्पट-तिप्पट जागा लागते, हे मला आणल्यावर कळलं. या लेखात माझ्या चुकांची यादी लांब आहे, ही फक्त पहिली.) प्रवाळ नव्हतं. कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने त्यांचा दर्जा वाघाच्या पंगतीतला. दगड होते ते सिरॅमिकचे.

मग कंपनीने कायमचं घरून काम करायला परवानगी दिली आणि मी ठरवलं, चला, गावाला. आमचं घर नारायणगावजवळ, मळ्यात. डिसेंबर २०२४ मध्ये सामान हलवलं. कपाट, पलंग, दोन मॉनिटर आणि एक समुद्र.

रस्ता कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर असा. दीडशेच्या वर किलोमीटर. मी महिनाभर फक्त या रस्त्याचा अभ्यास केला होता. दोन दिवस माशांना उपाशी ठेवलं, कारण पोटात काही नसलं की पिशवीतलं पाणी कमी घाण होतं. प्रत्येक मासा वेगळ्या पिशवीत, एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात. घाटातली वळणं हळू घ्या म्हणून टेम्पोवाल्या मामांना इतक्यांदा सांगितलं की मुरबाडला चहाला थांबल्यावर ते म्हणाले, "साहेब, आत मासे हायेत का बाळंतीण?"

संध्याकाळी चारला मळ्यात पोचलो. खोकं उघडलं. सगळे जिवंत! मी फोटो काढले, मित्रांना पाठवले, पंचवीस-तीस अंगठे आले. दादा (म्हणजे आमचे वडील) गोठ्यातून आले, पेटीकडे बघितलं आणि म्हणाले, "समुद्र आणलास खरा. पण ह्याची भरती-ओहोटी कोण करणार? लाइट?"

मी हसलो. तिसऱ्या दिवशी दोन्ही कोळंब्या मेल्या. पाचव्या दिवशी दोन डॅमसेल. नवव्या दिवशी डोरी.

ज्याला सांगितलं त्याने एकच प्रश्न विचारला, "प्रवासात दगावले का?" नाही हो! प्रवासात एकही मेला नाही. ते मेले पोचल्यावर. आणि माझं सगळं भांडण या एका प्रश्नाशी आहे. जिवंत गोष्ट एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायची म्हटलं की आपलं सगळं लक्ष रस्त्यावर. टेम्पो कुठला, वेळ कुठली, खड्डे किती. मुक्कामाचं कोणी विचारत नाही. टेम्पो पोचला की काम फत्ते.

आता काय चुकलं ते ओळीने सांगतो.

चूक पहिली, पाणी. मला सांगितलं गेलं होतं की जुनं पाणी सोबत न्यायचं, 'त्यातच सगळं असतं'. मी कॅनमध्ये भरून १२० लिटर पाणी माळशेज घाट चढवलं. आणि फिल्टरमधल्या सिरॅमिकच्या नळ्या आणि दगड? ते एका बादलीत टाकून टेम्पोच्या टपावर बांधले. दिवसभर उन्हात वाळत आले.

खरी गोष्ट उलटी आहे. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया निघतो, तो माशालाच विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते दगडांना, वाळूला, फिल्टरला चिकटून राहतात. पाणी नवीन केलं तरी चालतं, योग्य मीठ घालून विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आणलं की झालं. जिवाणू मेले तर मात्र पेटी म्हणजे नुसतं काचेचं भांडं. थोडक्यात मी रिकामे रस्ते जपून आणले आणि शहर टपावर वाळत घातलं. शिवाय जुनी वाळू न धुता तशीच ओतली, म्हणजे दोन वर्षांचा तळाचा गाळ ढवळून माशांच्या ताटात वाढला. तिसऱ्या दिवशी अमोनियाच्या चाचणीतलं पाणी पिवळ्याचं हिरवं झालं. जिथे आकडा शून्य हवा तिथे १.

चूक दुसरी, पिशवी उघडणं. दुकानातून मासा घरी आणला की पिशवी उघडून त्यात पेटीतलं पाणी थेंब थेंब सोडायचं, ही पद्धत सगळ्यांना माहीत असते. अर्ध्या तासाच्या प्रवासाला ठीक आहे. माझे मासे आठ तास पिशवीत होते. बंद पिशवीत मासा श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा सामू उतरतो. सामू उतरला की साठलेला अमोनिया बराचसा कमी विषारी रूपात राहतो. म्हणजे घाणच घाणीपासून वाचवत असते. पिशवी उघडली की वायू उडून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया पुन्हा विषारी होतो. मी त्या उघड्या पिशवीत मासे दोन तास ठेवले, मोठ्या प्रेमाने थेंब थेंब पाणी देत! लांबच्या प्रवासानंतर करायचं ते हे : पेटीतल्या पाण्याची क्षारता आधीच मोजून पिशवीतल्या पाण्याशी जुळवून ठेवायची, बंद पिशवी पेटीत तरंगत ठेवून तापमान जुळवायचं, आणि उघडली की मासा लगेच जाळीने पेटीत. पिशवीतलं पाणी मोरीत.

चूक तिसरी, दादांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलेली. सातव्या रात्री लाइट गेली. मळ्यातली लाइट जाते ही काही ब्रेकिंग न्यूज नाही. ठाण्यात जायची तीही दहा मिनिटं. इथे पाच तास. पंप बंद, हीटर बंद, डिसेंबरातली जुन्नरची थंडी. सकाळी पेटीतलं पाणी १९ अंश. प्रवाळ बेटांवरच्या माशाला २५-२६ ची सवय. आधीच अमोनियाने कल्ले भाजलेली डोरी दोन दिवसांनी गेली. माझ्या लॅपटॉपला इन्व्हर्टर होता. पेटीला नव्हता. (हे वाक्य टंकतानाही लाज वाटते.)

आता मजा बघा. माझा धंदा काय? डेटा मायग्रेशन. एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर बँकांची माहिती हलवणं. तिथे आम्ही काय करतो? नवा सर्व्हर आधी उभा करतो. महिना-दोन महिने जुन्याच्या शेजारी चालवून बघतो. खोटा डेटा टाकून त्याला छळतो. मग एका रात्री हळूच बदल, आणि बिघडलं तर परत जायचा रस्ता तयार. "ट्रकमध्ये सर्व्हर टाका, पोचल्यावर बघू" असं कोणी म्हणालं तर त्याला दुसऱ्या दिवशी नारळ मिळेल. बँकेच्या आकड्यांसाठी एवढं, आणि श्वास घेणाऱ्या जिवासाठी टेम्पो! पेटी महिनाभर आधी मळ्यात उभी करून, खारं पाणी फिरतं ठेवून, दगडांवर जिवाणू वाढवून, दोन-तीन वेळा मुद्दाम लाइट बंद करून बघितली असती तर डोरी आज असती. मला हे सगळं येत होतं. मी केलं नाही, कारण माझ्या डोक्यात ते 'शिफ्टिंग' होतं.

हे ज्ञान शोधायला मला दूर जायचीही गरज नव्हती. आमच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण आहे. त्या जलाशयात जुनं आंबेगाव गाव बुडालं. तिथल्या आदिवासींनी पुढे त्याच पाण्यात मासेमारीची सहकारी संस्था उभी केली आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या 'शाश्वत' या संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज कुठल्याही जलाशयात सोडायचं तर ते असंच ऑक्सिजनच्या पिशव्यांतून येतं. आधी उपाशी ठेवलेलं, पिशवीत मोजून भरलेलं. आणि पोचल्यावर पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवतात, मग तोंड उघडतात. शिवाय जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, थेट मोठ्या पाण्यात ओतत नाहीत, ती मोठ्या माशांच्या पोटात जातात. बोटाएवढी वाढवून, बोटुकली झाली की सोडतात. म्हणजे प्रश्न 'पोचली का' हा नसतो, 'पोचल्यावर जगेल का' हा असतो. मत्स्यबीज सोडणाऱ्याला कळतं ते माझ्यासारख्या इंजिनिअरला कळू नये?

आता तुम्ही म्हणाल, पाच जीव मेले, त्यात दोन कोळंब्या, त्यावर एवढं प्रवचन? मान्य. कोळंबी आम्ही खातोसुद्धा. पण हीच चूक आमच्या भागात याहून कितीतरी मोठ्या जनावराच्या बाबतीत झाली आहे आणि तिची किंमत माणसांनी दिली आहे.

जुन्नरचा बिबट्या. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे. कालवे आले, ऊस आला, आणि उसात बिबट्या आला. उसातच त्याची पिल्लं होऊ लागली. २००१ ते २००३ या काळात उपाय म्हणून काय केलं? पिंजरे लावले, बिबटे पकडले आणि जंगलात नेऊन सोडले. शिफ्टिंग! विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी या प्रकाराचा अभ्यास केला, तो २०११ मध्ये 'कॉन्झर्वेशन बायॉलॉजी' या नियतकालिकात छापून आला. २९ बिबटे सरासरी ४० किलोमीटरवर नेऊन सोडले होते. १९९३ ते २००१ मध्ये माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, या मोहिमेच्या काळात ते १७ वर गेले. जिवावर बेतणाऱ्या हल्ल्यांचं प्रमाणही वाढलं. अभ्यासकांचा निष्कर्ष असा की या हलवाहलवीनेच हल्ले वाढले असण्याची शक्यता आहे. पिंजऱ्यात अडकलेला, माणसांनी घेरलेला, अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या. तिथे आधीच दुसऱ्या बिबट्याची हद्द. तो करणार काय?

आणि 'आजोबा' आठवतोय? २००९ साली टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला वयस्क नर. त्याला बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. तो तिथे राहिला? छे! हायवे, रेल्वेलाइन ओलांडत सव्वाशे किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. डिसेंबर २०११ मध्ये घोडबंदर रस्त्यावर गाडीच्या धडकेने मेला. त्याच्यावर २०१४ मध्ये सिनेमाही आला. माझा टेम्पो ज्या रस्त्याने घोडबंदरहून माळशेजला आला, जवळपास तोच मुलूख आजोबाने उलटा तुडवला होता, पायी, कोणी न विचारता. आपण सोडलं म्हणजे तो 'शिफ्ट' झाला, असं फक्त आपल्याला वाटत होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर गावात तोंड दाखवता यायचं नाही. शिरूरच्या पिंपरखेड परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन आठवड्यांत तीन जीव गेले, त्यातली दोन मुलं. लोक रस्त्यावर उतरले ते बरोबरच होतं. आमच्या घरीही अंधार पडल्यावर आई मला गोठ्यापर्यंत एकटं जाऊ देत नाही. माणूस मारणारा बिबट्या पकडायलाच हवा आणि तो परत मोकळा सोडू नये. माझं भांडण पकडण्याशी नाही. "बिबटे उचला आणि कुठेतरी नेऊन टाका" यातल्या 'कुठेतरी'शी आहे. कुठे? तिथे कोण राहतं? कोण सांभाळणार, किती वर्षं? आणि इथे रिकामी झालेली उसातली जागा उद्या दुसरा बिबट्या घेणार, त्याचं काय? या प्रश्नांची उत्तरं नसताना भरलेला पिंजरा गाडीवर चढला की टाळ्या वाजतात. माझ्या खोक्याचा फोटो बघून अंगठे आले होते, तसंच.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळतो. हे म्हणतात, समुद्रापासून एवढ्या लांब खाऱ्या पाण्याची पेटी ठेवणंच पाप, बंद करा हा शौक. लहानपणी शाळेच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालय बघून (१९५१ सालचं, मरीन ड्राइव्हवर, समोरच समुद्र) माझ्यासारख्या मळ्यातल्या पोराला पहिल्यांदा कळलं की पाण्याखाली एवढे रंग असतात. काचेपलीकडचा मासा बघून माणूस समुद्राबद्दल विचार करायला लागतो, यावर माझा विश्वास आहे. क्लाऊनफिश तर आता हॅचरीत वाढवता येतो, आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र बसवलंय. माझे दोन्ही क्लाऊन टाकीतच जन्मलेले होते आणि ते वाचले. डोरी मात्र प्रवाळ बेटावरून पकडून आणलेली होती. ठाणे ते नारायणगाव हा तिचा पहिला प्रवास नव्हता, शेवटचा होता. आधी बेटावरून बोटीत, बोटीतून व्यापाऱ्याकडे, तिथून विमानात, विमानातून दुकानात, दुकानातून माझ्याकडे. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी खोकं उघडून "जिवंत आहे" म्हणालं असणार आणि पावती फाडली असणार.

म्हणून आमच्या आयटीवाल्या जमातीला माझं सांगणं आहे. आपलं आयुष्य अकरा महिन्यांच्या भाडेकराराचं. आज ठाणे, उद्या हिंजवडी, परवा बंगळुरू, मग 'ऑनसाइट'. नीट ठेवला तर क्लाऊनफिश दहा वर्षांहून जास्त जगतो, वीस वर्षंसुद्धा. म्हणजे एका माशाच्या आयुष्यात आपले बारा-पंधरा भाडेकरार. ज्याला पुढच्या अकरा महिन्यांनी आपण कुठे असू ते सांगता येत नाही त्याने समुद्रातून पकडलेला मासा घेऊ नये. घ्यायचाच तर हॅचरीतला घ्या. आणि जागा बदलायची वेळ आली तर आधी हा प्रश्न विचारा : तिकडची पेटी तयार आहे का? तयार म्हणजे महिनाभर चालू असलेली, विजेची दुसरी सोय असलेली. उत्तर 'नाही' असेल तर मासे तिकडच्याच एखाद्या चांगल्या शौकिनाला देऊन या. त्यात हार नाही. मी ठाण्यात डोरी देऊन येऊ शकलो असतो. चारशे लिटरची पेटी असलेला एक जण मागतही होता. मी म्हटलं, "छे, माझी आहे ती."

माझी होती. म्हणूनच मेली.

असो. पेटी अजून मळ्यात आहे. दोन क्लाऊन आणि उरलेला एक डॅमसेल. वर्ष झालं. आता तिला वेगळा इन्व्हर्टर आहे आणि विहिरीचं पाणी आरओमधून काढल्याशिवाय त्यात मीठ पडत नाही. नवीन मासा आणलेला नाही, आणणारही नाही. रात्री लाइट गेली की दादा माझ्या आधी उठून टॉर्च घेऊन पेटीशी जातात. परवा कोणीतरी पाहुणे आले होते, कौतुकाने म्हणाले, "एवढ्या लांबून आणलेत हो, घाटातून! कमाल आहे."

दादा म्हणाले, "आणायला काय, टेम्पो आणतोच की."